मास्तरांची आठ वर्षं

परवा नातवाच्या मित्राने जालन्याच्या एमआयडीसीत सळयांचा कारखाना काढला. पूजेला मलाही नेलं होतं. पंगतीत एकजण दुबईला फिरायला निघालेला, तिकीट काढून बसलेला. शेजारच्याने त्याला बजावलं, "विचारतील तेवढाच कागद दाखव बरं. पासवाल्या मास्तरावानी गठुडं सोडशील तं बोटीवरूनच वापस येशील." दुबईला आता बोटीने कोणी जात नाही, पण पंगत हसली. हसणाऱ्यांपैकी एकानेही मास्तरांना पाहिलेलं नव्हतं.

ही गोष्ट जालन्यात पहिल्यांदा मी सांगितली. परतीच्या गाडीतून उतरलो तेव्हा स्टेशनवरच सांगितली, आणि चांगली रंगवून सांगितली. मास्तरांनी बसऱ्याच्या अंमलदारापुढे अकरा कागद मांडले, त्यांचं आपसात जुळेना, म्हणून त्यांना बोटीवरून उतरू दिलं नाही. यात एकही शब्द खोटा नाही. पण कागद का जुळले नाहीत ते मी गिळून टाकलं. ते माहीत असणारा आता माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही, म्हणून लिहितो.

निजामाच्या अंमलात आम्ही दोघं जालन्याच्या एका शाळेत होतो. मास्तर भूगोल शिकवायचे, मी इंग्रजी. ते माझ्याहून सतरा वर्षांनी मोठे. सहकाऱ्यांना ते विषयाच्या नावानेच हाक मारत. मी 'इंग्रजी', गणिताचे 'हिसाब', चित्रकलेचे 'रंग'. हेडमास्तर कुठलाच विषय शिकवत नसत, त्यांना नुसतं 'साहेब' म्हणून भागवावं लागे. मास्तर मूळचे केदारखेड्याचे. जमीन भावाकडे, आईही तिकडेच. अंगाने हाडकुळे, उंच, आणि शेरवानीला आतून स्वतः शिवलेले चार खिसे. चारही खिशांत कागद.

शाळेत पृथ्वीचा गोल नव्हता. मास्तरांनी कुंभाराकडून एक घागर आणली आणि तिच्यावर जग रंगवलं. घागरीचं तोंड उत्तर ध्रुवाला आलं, त्यामुळे तिथे पोहोचणाऱ्याचं काय होत असेल ही मुलांची कायमची काळजी होती. हिंदुस्थान पोटावर, आणि त्याच्या डावीकडे एका ठिकाणी खजुराची बी लाखेने चिकटवलेली. ते बसरा. जालन्याच्या बाजारात बसऱ्याची खजूर यायची, बायकांच्या नथीत बसऱ्याचे मोती असायचे. मास्तर म्हणत, जिथली वस्तू आपल्या तोंडात आणि नाकात आहे तो गाव आपण पाह्यलेला नसावा, ही लाजेची गोष्ट आहे.

कागदांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "घरी माणसाला त्याचं तोंड वळखवतं. शिवेबाहेर गेला की तोंड बिनकामाचं. तिथं कागद बोलतो." हे ते वर्गात सांगत आणि स्वतः पाळत. केदारखेड्याला आईला भेटायला निघाले तरी हेडमास्तरांकडून 'हा इसम आमच्या शाळेत भूगोल शिकवतो' असं पत्र घेऊन निघत. गावच्या शिवेवर कोतवाल भेटला तर ते पत्र त्याला वाचून दाखवत, कारण कोतवालाला वाचता येत नसे. कोतवाल त्यांच्या लहानपणचा सवंगडी. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "हां, जा मंग."

जालन्याहून देऊळगाव राजा पंधरा-सोळा मैल, पण तो इंग्रजी मुलूख. मध्ये आपल्या सरकारचा करोडगिरीचा नाका, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेण्याचा. मास्तर मला पहिल्यांदा तिकडे घेऊन गेले ती परदेशाची तालीम म्हणून. नाक्यावरच्या जवानाने विचारलं, माल काय? मास्तर म्हणाले, माल नाही, मी आहे. जवान म्हणाला, मग जा. मास्तर जाईनात. माल तपासता आणि माणूस तपासत नाही, हे बराबर नाही, असं त्यांनी त्याला पाऊण तास समजावलं. मागे तुपाच्या डब्यांच्या तीन गाड्या खोळंबल्या. शेवटी जवानाने वैतागून तुपाच्या डब्यावर मारायचा शिक्का मास्तरांच्या पत्रावर मारला आणि पुढे लिहिलं, 'एक नग.' तो कागद मास्तरांनी आयुष्यभर जपला. अकरा कागदांतला हा एक.

बसऱ्याला जायचं ठरलं ते त्यांच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. मी सोबत येणार म्हटल्यावर आमच्या दोन्ही घरांत आणि शाळेत एकच गडबड उडाली. हैदराबाद संस्थानातून इराकला जाणारे बहुतेक मुसलमान यात्रेकरू असत, जियारतीला निघालेले, थोडे व्यापारी, तिजारतीला. मास्तरांना यातलं काहीच करायचं नव्हतं. पासपोर्टाच्या अर्जाची चौकशी करायला पोलिसांचे अमीनसाहेब आले तेव्हा झालेली बोलणी मी त्यांच्या शेजारी बसून ऐकली आहेत.

"जियारत?"

"न्हाई जी."

"तिजारत?"

"न्हाई."

"इलाज?"

"तब्येत बिलकुल बरी हाये."

"फिर क्यूं जाते मास्टरसाब?"

"बघायला."

"क्या बघायला?"

"जे असंल ते."

अमीनसाहेबांनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत हे कारण कोणी दिलेलं नाही. आणि लिहिलं, 'सैर.' या एका शब्दावरून वरच्या कचेरीने चार वेळा खुलासा मागवला. मास्तरांनी चारही वेळा तेच उत्तर दिलं, फक्त अक्षर आणखी सुवाच्य काढलं.

आता माझ्या कामाकडे येतो. जन्माचा पुरावा हवा होता. मास्तरांचं नाव केदारखेड्याच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात होतं. मी तिथे जाऊन नक्कल उतरवून आणली. पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात 'सन फसली' असं लिहिलेलं, आणि खाली मास्तरांच्या नावापुढे १२९३. मी नक्कल केली ती एवढीच: सन १२९३. माथ्यावरचा 'फसली' उतरवायचं मला सुचलंच नाही. आमच्या संस्थानात शेतसारा, शाळा, कचेरी, सगळं फसली सालावर चाले. सन म्हटलं की फसलीच. हवेला हवा म्हणून लिहून ठेवावं असं कोणाला वाटतं?

पंधरा दिवसांनी मी घरी दोघांचे इंग्रजी अर्ज भरायला बसलो. जंत्री उघडली. तिच्यात चार रकाने असायचे, हिजरी, फसली, शके आणि इसवी. माझा अर्ज आधी भरला. तीन वेळा तपासला. बोटीची, समुद्राची, खजुरीच्या बनांची चित्रं डोळ्यांपुढे नाचत होती, बायको दर दोन मिनिटांनी येऊन विचारत होती की तिकडे पाणी मिळतं का. मास्तरांच्या कागदावर नुसतं १२९३ होतं. माझं बोट पहिल्या रकान्यावरून सरळ आडवं गेलं. पहिला रकाना हिजरीचा. इसवी १८७६ असं मी लिहून टाकलं. फसलीप्रमाणे ते १८८४ यायला हवं होतं. पंचेचाळीस वर्षांचे मास्तर माझ्या टाकाखाली त्रेपन्न वर्षांचे झाले. खाली 'भाषांतर बरोबर आहे' म्हणून माझी सही.

मास्तरांना ते पासपोर्टात दिसलं कसं नाही, असं कोणीही विचारील. दिसलं नाही, कारण पासपोर्ट आल्यापासून त्यांनी तो उघडलाच नाही. "सरकारी कागद सरकारनं उघडावा, आपण फक्त न्यावा," असा त्यांचा नियम. मेणकापडात गुंडाळून त्यांनी तो छातीशी शिवून घेतला. लोक बघायला यायचे, तेव्हा मास्तर शेरवानीवरून हात फिरवून म्हणायचे, हा इथे आहे. लोक तेवढं पाहून जायचे. फोटोच्या वेळीही अशीच अडचण आली होती. हातात सगळे कागद धरून फोटो काढायचा त्यांचा हट्ट, आणि फोटोवाला म्हणे फक्त तोंड लागतं. मास्तर म्हणाले, तोंडाने काय कळणार? तरी एकदाचा फोटो निघाला. त्यात मास्तर हात रिकामे राहिल्यासारखे दिसतात.

निघालो तो दिवस मला आजही तसाच्या तसा दिसतो. अर्धी शाळा स्टेशनवर. मनमाडला गाडी बदलली, मुंबईला बोटीच्या धक्क्यावर पोहोचलो. मास्तरांनी समुद्र पाहिला आणि माझा दंड धरला. "इंग्रजी, घागरीवर निळा म्या लईच फिका देल्ता रे." परत गेल्यावर पहिलं काम रंग बदलायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

धक्क्यावर डॉक्टरने दोघांना टोचलं आणि दाखले दिले. डॉक्टरने वय विचारलं तेव्हा मास्तरांनी सांगितलं, पंचेचाळीस. ते दाखल्यावर चढलं. मग पासपोर्टाचा अंमलदार. मास्तरांनी शिवण उसवून मेणकापड त्याच्या हातात दिलं आणि आदबीने तोंड दुसरीकडे फिरवलं. मी मात्र अंमलदाराच्या खांद्यामागे उभा होतो. त्याने पान उघडलं आणि मला १८७६ दिसलं. दिसताक्षणी कळलं. अंमलदाराने फोटो पाहिला, मास्तरांकडे पाहिलं, शिक्का मारला. मास्तर खुशीत शिवण घालायला बसले.

तिथेच बोलायला हवं होतं. बोललो असतो तर बोट चुकली असती, अर्ज पुन्हा हैदराबादला गेला असता, खोट्या भाषांतरावर सही म्हणून माझी नोकरी गेली असती, असं मी मनाशी मांडलं. मुंबईत चाललं तर बसऱ्यातही चालेल, असंही मांडलं. खरं म्हणजे मला जायचं होतं. बोटीची शिडी समोर दिसत होती.

बोटीवरचे दिवस मात्र आनंदाचे गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. रोज सकाळी डेकवर मास्तर आमची कवायत घेत. मी अंमलदार, ते प्रवासी. मग उलट. "पास?" "हा घ्या जी." "टोचल्याचा दाखला?" "हा." पाचव्या दिवसापर्यंत आसपासचे पंचवीस-तीस लोक या कवायतीत सामील झाले. कराचीचा एक सुकामेव्याचा व्यापारी कडक अंमलदार व्हायचा आणि मास्तरांना उगाच धमकावायचा. मास्तर खूश. रात्री, दिवसा, उन्हात, खाऱ्या वाऱ्यात माणूस नुसता हसतच होता. मीही हसत होतो. मधूनच १८७६ आठवायचं. मग मास्तर काहीतरी दाखवायचे, उडणारे मासे, दूरच्या ओसाड किनाऱ्यावरचा उंट, आणि मी पुन्हा विसरायचो.

बोट समुद्रातून नदीत शिरली. दोन्ही काठांना खजुरीची बनं, मैलोन्‌मैल, पाण्यात उलटी दिसणारी. मास्तरांनी पिशवीतून कोरे जोडे काढले. ते त्यांनी जालन्यात शिवून घेतले होते आणि परमुलखात पहिलं पाऊल टाकण्यासाठी राखून ठेवले होते. डेकवरच घातले, बंद तीन वेळा बांधले. "चावून राह्यले," मला म्हणाले, "पर चावू दे."

बोट नदीत मध्येच उभी राहिली. लहान होडीतून अंमलदार आले. डेकवर टेबल मांडलं. अंमलदार तिथलाच, अरब, तरुण. शेजारी हिंदुस्थानी बोलणारा दुभाषा. माझा नंबर आधी लागला. दोन मिनिटांत शिक्का बसला. मी बाजूला उभा राहिलो.

मास्तरांनी पासपोर्ट दिला, टोचल्याचा दाखला दिला. दुभाष्याने वय विचारलं. "पैंतालीस," मास्तर खणखणीत म्हणाले. अंमलदाराने दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकावर पंचेचाळीस, दुसऱ्याप्रमाणे त्रेपन्न. इथे मास्तर गप्प राहिले असते तर टोचणाऱ्या डॉक्टरची चूक म्हणून निभावलं असतं, असं दुभाषा नंतर म्हणाला. पण गप्प बसण्यासाठी ते एवढे कागद घेऊन आले नव्हते. त्यांनी खिसे मोकळे केले. हेडमास्तरांचं पत्र, नोकरीची सनद, तुपाच्या शिक्क्याचा 'एक नग', आणि केदारखेड्याची नक्कल. आकडे उर्दू. अंमलदाराला ते सहज वाचता आले. बाराशे त्र्याण्णव. त्याच्या देशात सन म्हटलं की हिजरीच. त्याने बोटांवर मोजलं आणि मान हलवली. दुभाषा म्हणाला, तुमचा हाही कागद सांगतो की तुम्ही त्रेपन्न वर्षांचे आहात. मग खोटं का बोललात?

मास्तरांनी सांगितलं, हा आकडा फसली सनाचा आहे. दुभाष्याने विचारलं, फसली म्हणजे काय? मास्तरांनी पिकांचं साल, निजाम सरकार, सगळं समजावलं. दुभाष्याने अंमलदाराला सांगितलं. अंमलदाराने असं साल कधी ऐकलं नव्हतं. त्याने कागद मास्तरांपुढे केला आणि विचारलं, फसली असं कुठे लिहिलं आहे?

मास्तरांनी कागद पाहिला. उलटून पाहिला. मग माझ्याकडे वळले.

"इंग्रजी, नक्कल तू उतरवून आणल्ती. मूळ रजिस्टरात काय व्हतं रे, फसली का हिजरी?"

टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे पाहू लागले. दुभाष्याने मघाशीच एका माणसाला दम दिला होता, की खोट्या कागदावर ज्याची सही तोही याच बोटीने परत जाईल. माझ्या हातात शिक्का मारलेला पास होता. काठ इतका जवळ होता की खजुरी झाडणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत होता.

"आठवत न्हाई, मास्तर," मी म्हणालो.

एवढंच. ज्याच्याबद्दल लिहायला बसलो ते एवढंच आहे.

मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. संशयाने नव्हे. ते हिशेब करत होते. वरच्या सरकारच्या पासात एक सांगितलंय, नक्कल त्याला दुजोरा देते, साक्षीदाराला आठवत नाही. उलट बाजूला फक्त आईचं बोलणं. मग अगदी हळू म्हणाले, "मंग आसंलही."

त्यांना उतरू दिलं नाही. बोट चार दिवसांनी परत फिरणार, तोवर बोटीवरच थांबायचं. मीही थांबतो म्हणालो, तर चिडले. दोघांनी बोटीवर बसून काय उपयोग, जल्दी जा आणि सगळं बघून ये, म्हणाले. होडी सुटेपर्यंत वरून प्रश्न ओरडत होते. नदीचं पाणी गोड का खारं, बैल कसले, माणसं सावलीत कशावर बसतात, भाकरी कशी, विहीर किती खोल.

मी तीन दिवस बसरा पाहिला. कालव्यांवरचे पूल, दारात बांधलेल्या होड्या, खजुराच्या लाकडी पेट्या खिळवणाऱ्या बायका. पाहताना मी वेडावून गेलो होतो आणि स्वतःला शिव्याही देत होतो. परत आलो तेव्हा मास्तर तेच जोडे घालून कठड्याशी उभे. त्यांनी माझ्याकडून दोन दिवस सगळं काढून घेतलं. मी एक गोष्ट सांगितली की टाळ्या वाजवायचे. दुसऱ्याने पाहिलेल्यावर एवढा खूश होणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

जालन्याला आल्यावर मी स्टेशनवर काय सांगितलं ते वर आलंच आहे. मास्तर शेजारीच उभे होते. तेही हसले.

यापुढच्या गोष्टीचं मात्र कोणाला हसू आलं नाही, फक्त आश्चर्य वाटलं. संस्थानात वय कमी करून घेण्यासाठी अर्ज करणारे शेकडो नोकर होते. मास्तरांनी तालीमात, म्हणजे शिक्षण, खात्याला स्वतःहून कळवलं की माझं वय आठ वर्षांनी वाढवावं, पुरावा म्हणून पासपोर्ट जोडला आहे. खात्याने दोनदा विचारलं, नक्की का? मास्तर म्हणाले, नक्की. दीड वर्षात ते पेन्शनीत गेले. शेवटच्या दिवशी घागर त्यांनी नव्या भूगोलाच्या हवाली केली. निळा रंग गडद करून.

त्यांनी मूळ रजिस्टर का पाहिलं नाही? जुनी रजिस्टरं तोवर औरंगाबादच्या कचेरीत जमा झाली होती. मागवता आली असती. पण वरच्या सरकारचा कागद खालच्या दफ्तराने तपासायचा नसतो, हा आणखी एक नियम. मी तो मोडायला त्यांना कधी सुचवलं नाही.

केदारखेड्याला आईला हे सांगायला निघाले तेव्हा मला बरोबर नेलं, साक्षीला. म्हातारी भाजी निवडत होती. मास्तरांनी तिला सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं, की मी पंचेचाळीसचा नाही, त्रेपन्नचा आहे.

"कोन म्हंतं?" म्हातारी म्हणाली.

"सरकार."

"तुला जलम म्या देल्ता का सरकारनं?"

"बये, तुझ्या ध्यानात ऱ्हायलं नसंल."

"पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झाला तू. आन् आठ वर्सं आधी तं माझं लगीनबी झालं न्हवतं, मुडद्या."

मास्तर तिच्याजवळ उकिडवे बसले. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "लग्नाचा कागद हाये का?"

म्हातारीने निवडलेली भाजी तशीच ठेवली आणि आत गेली. मी हातातलं ताक पिऊन टाकलं. ती पुढे सात-आठ वर्षं जगली. शेवटपर्यंत ती शेजारणींना सांगत असे, माझं लेकरू माझ्यापुढे निघून गेलं वयानं.

मास्तर म्हातारे झाले. म्हणजे, त्यांनी ठरवून म्हातारपण घेतलं. काठी आणली. चावडीपाशी म्हाताऱ्यांच्या ओळीत बसू लागले. बावन्नाव्या वर्षी त्यांची साठीची शांत झाली. होम झाला, सुवासिनींनी ओवाळलं, आणि पहिल्या पंगतीत पहिल्या पानावर मी होतो. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, वाढताना पुटपुटल्या, साठ वर्षांचा माणूस एवढे लाडू खातो का हो? मी मान खाली घालून जेवलो. त्या दिवशी बोलणार होतो. प्रत्येक वेळी बोलणार होतो.

संस्थान गेलं त्या वर्षी मी हेडमास्तर होतो. थोड्याच दिवसांत वरून हुकूम आला की शाळांच्या रजिस्टरांतली फसली सालं बदलून इंग्रजी सालं लिहावीत. औरंगाबादहून जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे आले आणि भोकरदनकडच्या शाळांचं काम माझ्याकडे लागलं. तिसऱ्या गठ्ठ्यात केदारखेडा होतं. पान निघालं. माथ्यावर 'सन फसली', शाई जराही उडालेली नाही.

मी रजिस्टर काखेत मारून तसाच निघालो. मास्तर ओट्यावर बसले होते. आठ वर्षं जास्तीची अंगावर घेऊन त्यांची पाठ खरोखरच वाकली होती. मी पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, नक्कल करताना हा शब्द माझ्याकडून सुटला, आणि जंत्रीत मी चुकीचा रकाना पाहिला. चूक माझी. तुमचं वय बहात्तर नाही, चौसष्ट.

त्यांनी माथ्यावरच्या शब्दावर बोट ठेवलं. मग एकदम आत तोंड करून हाक मारली.

"आगं ऐकलं का, मी चौसष्टचा हाये."

"मला ठाऊकच व्हतं," काकू आतून म्हणाल्या.

ते उभे राहिले, ओट्यावर इकडून तिकडे फिरले. आठ वर्षं, आठ वर्षं, असं स्वतःशी म्हणत होते, हरवलेलं जनावर सापडल्यासारखं. फिरता फिरता थांबले.

"बयेला म्या कागद मागितल्ता," ते म्हणाले. मग खाली बसले.

मी पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी धरलं. माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, "एक सांग. त्या दिशी बोटीवर तुला खरंच आठवत न्हवतं?"

अठरा-एकोणीस वर्षांत मला विचारलेला तो एकच प्रश्न.

"न्हाई आठवलं, मास्तर," मी म्हणालो. "आत्ता पान पाह्यलं तवा कळलं."

"मंग तुझा काय दोष," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

मास्तर पुढे दीड वर्षाने गेले. परमुलखाच्या मातीवर त्यांचा पाय कधी लागला नाही. शेवटचा अर्ज त्यांनी केला होता, पण राज्य बदललेलं, तो कुठल्या कचेरीत गेला आणि कुठे राहिला हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मृत्यूच्या नोंदीत त्यांच्या मुलाने बहात्तरच्या पुढचा आकडा सांगितला होता. मी पाटलाकडे जाऊन तो सहासष्टाव्या वर्षाचा करून घेतला. माझ्या हातून नीट झालेलं ते एक काम.

तो शेवटचा अर्ज त्याच दिवशी, त्याच ओट्यावर भरला. मास्तरांना दम निघत नव्हता. चौसष्ट म्हणजे काहीच नाही, हिवाळ्यात निघू, तूही चल, या वेळी विहिरींची खोली मी स्वतः मोजतो, असं एकामागून एक चाललं होतं. काकूंनी दौत आणून ठेवली. भरायला मास्तरांनी मलाच बसवलं, दुसऱ्या कोणाचं अक्षर त्यांना चालत नसे. नाव लिहिलं. गाव लिहिलं. जन्माचं साल लिहिलं, १८८४, आणि मास्तरांनी ते बोटाने पुसल्यासारखं करून पुन्हा पुन्हा वाचलं. प्रवासाचं कारण मी न विचारता लिहिलं.

सगळ्यात खाली एक रकाना होता. अर्जदाराला जो जातीने ओळखतो आणि त्याच्याबद्दल खरं सांगू शकतो अशा विश्वासू माणसाची सही.

"कर," मास्तर म्हणाले. "तुझ्याबिगर कोन हाये."

मी सही केली.